नदीवाल्या बाईंचा सत्कार

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "बाई, यंदाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या पर्यावरणकार्यावर लिहा. काहीतरी प्रेरणादायी पाहिजे." मी विचारलं, "खरं लिहिलं तर चालेल का?" ते म्हणाले, "प्रेरणादायी असेल तर खरंही चालेल." भला माणूस आहे. त्यांनी माझ्या कामाला 'कार्य' म्हटलं. गावात त्याला 'बाईंचं खूळ' म्हणतात, आणि तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, गावाचा शब्द जास्त नेमका आहे.

मी मूळची शिक्षिका. शाळेत विज्ञान शिकवत होते. गावाचं नाव लिहीत नाही, गावाला अब्रू असते. प्रवरेच्या काठावर, कोल्हारपासून एसटीनं अर्ध्या तासावर आहे एवढं पुरे. आठवीच्या मुलांना पाणी जमिनीत कसं मुरतं हे दाखवायला मी एकदा नदीवर नेलं. तिथं पाहिलं तर ट्रॅक्टरवाले फावड्यानं वाळू भरत होते. एका मुलानं विचारलं, "बाई, हे पुस्तकात न्हाई, हे परीक्षेला येनार का?" मी म्हटलं, येणार. तिथून माझी परीक्षा सुरू झाली, ती निवृत्त झाले तरी संपलेली नाही, आणि निकाल दरवेळी नापास.

बाहेरच्या माणसाला या धंद्याची थोडी माहिती द्यायला हवी. वाळू म्हणजे नुसती बांधकामाची माती नव्हे. पावसाळा सरला, नदी वाहायची थांबली, तरी वाळूच्या पोटात पाणी शिल्लक असतं. तेच हळूहळू झिरपत काठच्या विहिरींना येतं. वाळू उपसली की नदी नुसतीच वाहून जाते, मागं काही ठेवत नाही. हे मी एका पातेल्यात वाळू भरून, पाणी ओतून तहसील कचेरीत तीन वेगवेगळ्या साहेबांना दाखवलं. एका साहेबांनी फार आवडीनं पाहिलं आणि पातेलं स्टीलचं आहे का जर्मनचं, असं विचारलं.

पर्यावरणवाल्या माणसाचं खरं हत्यार म्हणजे आवक शिक्का. घोषणा, मोर्चे, मानवी साखळी हे सगळं पेपरात फोटो यायला. अर्ज द्यायचा, त्याची दुसरी प्रत पुढं करायची आणि त्या प्रतीवर कचेरीचा 'मिळाला' असा शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही. शिक्का असेल तर अर्ज दिला, पण सापडत नाही. या दोन्हींत फरक आहे, आणि तो कळायला मला चार वर्षं लागली. झाडं आणि नदी वाचवायला मी आजवर जेवढा कागद खर्च केला, त्यात एक बरीशी आमराई गेली असेल.

आणि गिऱ्हाइकं म्हणाल तर विचारू नका. 'नदीवाल्या बाई' म्हणून नाव झालं, तसे लोक कसल्याही तक्रारी घेऊन येऊ लागले. घरात साप निघाला, बाईंना बोलवा. शेजाऱ्याच्या लग्नात डीजे लावला, बाईंना सांगा. एक नवी सून दुपारी दबकत आली आणि म्हणाली, "बाई, सासूबाईंच्या चुलीचा धूर प्रदूषनात बसतो का हो?" मी म्हटलं, धूर बसतो, सासू बसत नाही. ती बिचारी निराश होऊन गेली.

या सगळ्या धंद्यात मला एकच भागीदार मिळाली, ती म्हणजे हौसाबाई. वय माझ्याएवढंच, नदीकाठी दीड एकर जमीन, त्यात झेंडू, वांगी आणि गुरांसाठी थोडा घास. तिच्या बांधावर एक जुनी, बांधीव विहीर. त्या विहिरीवर तिची शेती तर होतीच, पण भोवतीच्या वस्तीतली अकरा घरं पिण्याचं पाणीही तिथूनच नेत. हौसाबाईनं कधी कुणाला अडवलं नाही. फक्त चपला घालून विहिरीच्या काठावर चढलेलं तिला खपत नसे. तिचं तोंड म्हणजे देवा रे! तलाठ्यापासून पावसापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. पहिल्याच भेटीत तिनं कामाची वाटणी करून टाकली. "बाई, तुमी कागुद लिवा, शिव्या मी देते. दोनी कामं एकीला जमायची न्हाईत."

ही वाटणी आम्ही वर्षानुवर्षं पाळली. एकदा अर्जावर अर्ज केल्यावर तलाठी भाऊसाहेब नदीतल्या खड्ड्याचा पंचनामा करायला आले. खड्डा एवढा की त्यात आमची शाळा मावली असती. पंचनाम्याला गावातले पाच पंच लागतात, त्यांच्या सह्या लागतात. आता गावात ज्याच्या घरात वाळूचा टेम्पो नाही, त्याच्या मेहुण्याच्या घरात आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सही कोण करणार? एकाला अचानक दाढदुखी झाली, दुसऱ्याचा चष्मा फुटला. शेवटी पंचनाम्यात भाऊसाहेबांनी लिहिलं की खड्डा दिसून येतो, परंतु तो वाळू काढल्यानं पडला की पाण्याच्या ओघानं पडला, हे सांगता येत नाही. हौसाबाईनं ते ऐकलं आणि विचारलं, "भाऊसायेब, पान्याचा ओघ टायरच्या खुना ठिवून जातो व्हय?" त्यापुढं ती जे बोलली ते दिवाळीच्या मुहूर्तावर छापण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर मला राजकारणाची अवदसा आठवली. ऐकून होते की युरोपात हिरव्यांचे म्हणून पक्ष असतात, त्यांचे खासदार असतात, मंत्रीसुद्धा होतात. म्हटलं, आपण निदान सरपंच व्हावं. सरपंचपद महिलेसाठी राखीव पडलं होतं. हौसेनं हिरव्या शाईत पत्रकं छापली. तर दुसऱ्याच दिवशी एक जाणते गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमी ख्रिस्ती, हे आमाला म्हाईत हाय. मग ह्यो हिरवा कशापायी?" मी म्हटलं, झाडांचा आहे. ते म्हणाले, "झाडाचा आसू द्या, पन लोक इचारत्यात." आपल्याकडं भगवा एकांचा, निळा दुसऱ्यांचा, हिरवा तिसऱ्यांचा. नदीसाठी रंगच उरलेला नाही. मग काळ्या शाईत पत्रकं छापली. चिन्ह मागितलं झाड, मिळालं रोड रोलर. 'नदी वाचवा, रोड रोलरवर शिक्का मारा' असा प्रचार करत मी गावभर हिंडले.

आणि निवडून आले! माझ्या विचारांचा विजय झाला, असं मी भाषणात म्हणाले. खरी गोष्ट अशी की गावातल्या दोन मोठ्या भाऊबंदांनी आपापल्या सुना उभ्या केल्या होत्या, दोघींनी एकमेकींची मतं खाल्ली आणि मधल्यामध्ये रोड रोलर निघून गेला. हौसाबाईनं माझ्या दारात येऊन गुलाल उधळला. "आता बगते कोन वाळू नेतंय," ती म्हणाली. तिचा केवढा विश्वास होता माझ्यावर!

आता जे सांगायचं ते सांगते. प्रेरणादायी भाग इथं संपला.

नदीतली वाळू कायदेशीर काढायची तर ठेका निघतो, आणि त्याआधी ग्रामसभेची शिफारस मागवतात. म्हणजे गावानं 'होय' म्हणायचं. हे 'होय' मिळवायचं काम आमच्या भागात नाना करत. नाना म्हणजे वाळूचे ठेकेदार. पांढरे कपडे, मऊ बोलणं, वाकून नमस्कार. मी इतक्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध एवढे अर्ज केले, पण माणूस कधी एका शब्दानं चिडला नाही. उलट दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचे. नानांनी गावाला सांगितलं, ठेका मिळाला की भैरोबापुढं सभामंडप बांधून देतो. मग कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं की सरपंच चर्चला जातात. नाना सर्वधर्मसमभाववाले. त्यांनी लगेच चर्चच्या आवाराला भिंतही कबूल केली.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर आमच्या मंडळीतले चार वडीलधारे मला बाजूला घेऊन बसले. म्हणाले, "बाई, शेरडं आत येत्यात, कबरीवरची फुलं खात्यात. देवाच्या घराची भिंत अडवू नका." मी म्हटलं, देवानं भिंतीआधी पाणी केलं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि माझ्यासाठी तिथंच प्रार्थना केली. ती बहुधा सद्बुद्धीसाठी होती, कारण फार लांबली.

मी नमले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं स्वतःबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. सभामंडपाला नमले नाही, भिंतीला नमले नाही. मी कशाला नमले ते आता कळेल.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची सभा घ्यायची असते. ती घेतली. कधी नव्हे त्या साठ-सत्तर बाया आल्या. हौसाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या हिरीचं पानी तुमी समद्यांनी पिल्यालं हाय. कुनाच्या बाळंतपनाला, कुनाच्या मयताला. आता ती हीर आटली तर म्या एकलीनं रडायचं का?" सगळ्या बायांनी हात वर केले. वाळूला नको. मी आनंदानं ठराव लिहिला आणि अक्षरही सुरेख काढलं.

पण शेवटचा शब्द ग्रामसभेचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पुरुषांच्या गर्दीत या बाया बोलतील का, ही मला धास्ती. नानांनी आपली पन्नास-साठ माणसं गोळा केलीच होती. मग माझ्यातली हुशार बाई जागी झाली. ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर लागतात, त्याला कोरम म्हणतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, म्हणजे पुढं ढकलायची. मी निरोप पाठवला, उद्या बायांनी आणि आपल्या बाजूच्या पुरुषांनी घरीच राहायचं. कोणी फिरकायचं नाही. गांधीजींचा असहकार मी शाळेत शिकवला होता, तो आता वापरायला मिळाला.

आणि जमलं की हो! नानांची माणसं बसली, पण कोरमला कमी पडली. घड्याळ बघून ग्रामसेवक (तलाठ्यासारखे गावात तेही भाऊसाहेबच) म्हणाले, "बाई, सभा तहकूब करावी लागेल." मी अशा रुबाबात 'तहकूब' म्हटलं की काय सांगू. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं पुढल्या शुक्रवारची नोटीस लिहिली आणि माझ्यापुढं सरकवली. मी सही केली. नाना उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बुद्धीपुढं आमी काय!" तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

सोमवारी नगरहून फोन. आता अहिल्यानगर म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. कुठल्याशा प्रतिष्ठानानं मला 'हरितभूषण' पुरस्कार जाहीर केला होता. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, सभागृहात, पाहुण्यांच्या हस्ते. मी म्हटलं, शुक्रवारी ग्रामसभा आहे. पलीकडचे गृहस्थ हळहळले. "अरेरे, बाई! सगळ्या पत्रिका छापून झाल्यात. तुमच्यासारखं माणूस दुसरं आणायचं कुठून?"

तीस वर्षांत मला कुणी नारळसुद्धा दिला नव्हता. गावात कुणाचाही सत्कार होतो. बोअरला पाणी लागलं, सत्कार. पोरगा पोलीस भरतीत धावला, सत्कार. बदली झालेल्या वायरमनचा सत्कार झाला होता, आणि तो गेला म्हणून लोकांना आनंदच झाला होता. मी मात्र अर्ज लिहून लिहून बोटाला घट्टा पाडून घेतला आणि पदरात काय, तर 'बाईंचं खूळ'. मला वाटलं, एकदा, एकदाच कुणीतरी माईकवर माझं नाव नीट घ्यावं. आमचे हे म्हणाले, "सभा महत्त्वाची नाही का?" मी त्यांना समजावलं, कोरम भरणार नाही, परत तहकूब होईल, मी असले काय नसले काय. बायांनाही परत तोच निरोप दिला. घरीच राहा, कोणी फिरकू नका.

शुक्रवारी मी इस्त्रीची सुती साडी नेसून नगरला गेले. तिकडं काय थाट! शाल, श्रीफळ, मानपत्र. व्यासपीठामागं मोठा फ्लेक्स, त्यावर माझा फोटो आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी. चष्मा पर्समध्ये होता. फोटोत चांगलं दिसावं म्हणून काढून ठेवला होता, लपवायचं कशाला. फोनचा आवाजही बंद केला होता. मी वीस मिनिटं नदीवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

बाहेर येऊन फोन पाहिला तर हौसाबाईचे नऊ मिसकॉल.

लावला. पलीकडून आवाज आला, "बाई, कुटं हाव? आवो, हितं हात वर करून झालं समदं! भाऊसायेब म्हनत्यात, तहकूब सभंला कोरम लागतच न्हाई. धा-बारा जनांनी हात वर केलं आन् ठराव पास! मी शेतातनं पळत आले तवर कुलूप घातलं हुतं. तुमी कुटं हाव?"

होय. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही. जेवढे हजर तेवढ्यांनी ठरवायचं. मी नसल्यामुळं उपसरपंच अध्यक्ष झाले आणि पाच मिनिटांत काम उरकलं. हा नियम ग्रामसेवकानं माझ्यापासून लपवला, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत होते. खोटं. नोटिशीच्या शेवटच्या ओळीत तो स्वच्छ लिहिला होता आणि त्याखाली माझी सही होती. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, प्रश्नपत्रिका दोनदा वाचा. उंटावरून शेळ्या हाकणारे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातली मी एक निघाले.

पण याहून वाईट पुढं आहे. "तुमी कुटं हाव," या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "राहुरीला दवाखान्यात आहे. बीपी वाढलं एकाएकी." तोंडातून कसं आलं मला कळलं नाही. काखेत श्रीफळ होतं आणि मी बीपी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसाबाई दारात. हातात झाकण लावलेली कासंडी. म्हणाली, "आंबील आनलीय. माज्या हिरीच्या पान्याची हाय, पोटाला थंड पडंल. ठरावाचं काय ते मागनं बगू, आदी तुमी नीट व्हा." आणि माझ्या उशाशी बसून राहिली. मी अंथरुणावर पडून, कण्हत, ती सगळी आंबील प्यायले. शाल कपाटात होती. आमचे हे बाहेर ओसरीवर पेपर तोंडापुढं धरून बसले होते, ते काही आत आले नाहीत.

रविवारी पेपरात फोटो आला. मी, शाल, हार, आणि मागं फ्लेक्स. पेपरात तो स्पष्ट छापला होता, त्यामुळं खालची बारीक अक्षरंही वाचता आली. सौजन्य म्हणून नानांचं नाव होतं. नानांनी माझा सत्कार आपल्या खर्चानं केला होता आणि मी शाल पांघरून त्यांना नदी देऊन आले होते.

हौसाबाईला कुणीतरी पेपर दाखवलाच. ती आली, तेव्हा मी शिव्यांची तयारी ठेवली होती. देवाशपथ सांगते, मला त्या हव्याच होत्या. तिनं शिवी दिली नाही. ओसरीवर उभ्या उभ्या म्हणाली, "फोटू झ्याक आलाय, बाई." आणि रिकामी कासंडी मागून घेऊन गेली.

मग मी काय काय केलं, त्याची यादी मोठी आहे आणि कंटाळवाणीही. पंचायत समिती, तहसील, कलेक्टर, सगळीकडं अर्ज. सगळ्यांनी फाईल बघितली आणि एकच सांगितलं, बाई, कागद बिनचूक आहेत. सभा रीतसर, नोटीस रीतसर, सही तुमची. उभ्या आयुष्यात मी खोट नसलेला सरकारी कागद पाहिला नव्हता. पहिला पाहिला तो मी स्वतः तयार केलेला.

दोन हंगाम वाळू गेली. पहिल्या उन्हाळ्यात हौसाबाईच्या विहिरीत गढूळ पाणी उरलं, दुसऱ्या उन्हाळ्यात तेही नाही. झेंडू जळाला. वस्तीतल्या अकरा घरांना टँकर लागला, आणि बाया भर उन्हात हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. टँकर कुणाचा, ते सांगायला नकोच. नाना गावासाठी फार राबतात. सभामंडपाचे चार खांब उभे राहिले, छत अजून यायचंय. चर्चला भिंत नाही, नुसतं गेट बसलं. शेरडं गेटाच्या बाजूनं आत जातात.

त्या काळात हौसाबाई भेटली की, "बऱ्या हाव का, बाई?" म्हणायची. "च्या घ्या." अगदी पाहुण्याशी बोलावं तशी. मी एकदा न राहवून म्हटलं, "हौसाबाई, चुकलं माझं. खोटं बोलले तुमच्याशी." ती टँकरच्या रांगेत हंडा पुढं सरकवत म्हणाली, "व्हय, ठावं हाय," आणि मागच्या बाईशी बोलायला लागली.

माझी मुदत संपली. पुढच्या निवडणुकीत सरपंचपदाला हौसाबाई स्वतः उभी राहिली. मी उभी राहिले नाही, तेवढी लाज शिल्लक होती. मी तिचा प्रचार करू का, असं विचारायला गेले तर म्हणाली, "नगं. मी आन् बाया बगून घेऊ." बायांनी बघून घेतलं. घरोघरी फिरून रिकामे हंडे दाखवले. नानांच्या भाचेसुनेला पाडून ती निवडून आली. या खेपेला कुणाची मतं फुटली म्हणून नव्हे.

तिची पहिली ग्रामसभा झाली. विषय तोच, पुढल्या हंगामाचा वाळूठेका. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. बायांनी पटांगण भरलं होतं, पुरुषही होते, नानाही होते, नमस्कारासकट. आधी कोरम मोजला गेला. हौसाबाईनं तो दोनदा मोजायला लावला. मग म्हणाली, "वाळू द्यायची न्हाई, असा ठराव लिवायचाय. बाई, तुमचं अक्सर चांगलं हाय, पुढं या."

मी पुढं गेले. नीट लिहिलं. ग्रामसभा वाळू उत्खननास शिफारस नाकारीत आहे. कागद तिच्यापुढं ठेवला, पेन दिलं. इतक्या वर्षांत मी दिलेल्या कुठल्याही कागदावर ही बाई न बघता सही करत आली होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि कागद ग्रामसेवकाकडं सरकवला.

"भाऊसायेब, मोठ्यानं वाचा. बाईंनी लिवलंय, तवा समद्यांनी ऐकू द्या. पार शेवटापतूर वाचा."

सगळ्या गावासमोर भाऊसाहेबांनी माझं लिखाण वाचलं. तहकुबीची नोटीस लिहिणाऱ्या त्याच भाऊसाहेबांनी. मी तिथं उभी होते, फळ्यापुढं उत्तर न आलेल्या पोरीसारखी. वाचून झालं. हौसाबाईनं विचारलं, "यात काय खोट हाय का?" ते म्हणाले, "नाही." मग तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर. हात वर झाले. बाया, पुरुष, आमच्या मंडळीतले ते चार वडीलधारे, सगळ्यांचे.

विहीर काही भरली नाही. दिवाळीपर्यंत थोडं पाणी राहतं, पुढं टँकर. वाळू परत साठायला किती वर्षं लागतील, हे मला विज्ञानाची शिक्षिका असून सांगता येत नाही. हौसाबाई आणि मी तोवर असू असं वाटत नाही.

त्या दिवशी ठराव झाल्यावर मी गुपचूप मागं निघाले. पुढचे विषय होते गटारी, दिवाबत्ती, असले. माझं काम झालं होतं.

"बाई," हौसाबाईनं खुर्चीवरूनच हाक मारली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज चढला होता. "कुटं निगाल्या? बसा हितं माज्याजवळ. सभा संपंस्तोर उठायचं न्हाई."

मी बसले.